नव्या सफारीकडून माझी अपेक्षा: वेग नको, चढ हवा

टाटा सफारीचा पुढचा अवतार कसा असेल, यावर सध्या जी चर्चा चालते ती बहुतेक दिव्यांच्या पट्टीवर आणि पडद्याच्या इंचांवर येऊन थांबते. सात माणसांच्या कुटुंबासाठी गाडी घेऊ पाहणाऱ्या माझ्यासारख्याला मात्र त्या नव्या पत्र्याखाली इंजिन कोणते असेल आणि त्याची ताकद किती चाकांपर्यंत पोचेल, हे आधी कळायला हवे आहे.

गेल्या मे महिन्यात चिपळूणहून कराडला परतताना आम्ही भाड्याच्या एका सातआसनी गाडीत होतो. सात माणसे, पायांशी आंब्याच्या दोन पेट्या, मांडीवर बॅगा आणि पुढे कुंभार्ली घाटात दमाने चढणारी एसटी. एका वळणावर एसटी जवळजवळ थांबली, आमच्या चालकाने दुसरा गिअर ठेवला, आरपीएमचा (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा) काटा दीड हजाराच्या खाली घसरला आणि गाडीने मानच टाकली. पहिला गिअर टाकून आणि एसी बंद करून आम्ही ते वळण पार केले. शून्यावरून ताशी शंभरचा वेग किती सेकंदांत गाठते, हा आकडा त्या वळणावर काय कामाचा? तिथे लागतो तो कमी आरपीएमला मिळणारा टॉर्क, म्हणजे चाके फिरवणारा जोर.

सफारीचा इतिहास याच बाबतीत थोडा विचित्र आहे. 2015 साली सफारी स्टॉर्मला व्हॅरिकोर 400 हे 2.2 लीटरचे डिझेल इंजिन मिळाले, 156 पीएस ताकदीचे आणि 400 एनएम टॉर्कचे, आणि सोबत फोर बाय फोरचा, म्हणजे चारही चाकांना ताकद देण्याचा, पर्यायही होता. 2021 साली सफारी हे नाव नव्या गाडीवर परत आले तेव्हा दोन लीटरच्या क्रायोटेक डिझेलची ताकद 170 पीएसवर गेली होती, पण टॉर्क 350 एनएमवर उतरला होता, तोही पूर्ण मिळतो 1750 आरपीएमपासून, आणि सगळा जातो पुढच्या दोन चाकांना. त्याच वर्षी आलेल्या महिंद्राच्या एक्सयूव्ही 700 मध्ये डिझेल ऑटोमॅटिकला 185 पीएस, 450 एनएम आणि चारही चाकांना ताकद देण्याची सोय होती. ही तुलना टाटांनाही नक्कीच ठाऊक असणार.

सफारीचा सांगाडा लँड रोव्हरच्या डी8 रचनेवरून घेतलेला आहे आणि त्याच रचनेवर आलेल्या लँड रोव्हरच्या पहिल्या डिस्कव्हरी स्पोर्टमध्ये चारही चाकांना ताकद देण्याची सोय होती. शिवाय 2025 मध्ये टाटांनी विजेवर चालणाऱ्या हॅरियर ईव्हीला पुढे एक आणि मागे एक अशा दोन मोटारी देऊन 504 एनएम टॉर्क काढून दाखवला. म्हणजे अडचण तंत्राची नसून हिशेबाची असावी, असे माझे मत आहे. फोर बाय फोर घेणारे थोडे असतात हे मान्य, पण आषाढात लाल मातीच्या उतारावर उभी केलेली भरलेली गाडी मागे काढताना त्या थोड्यांत आपण असावे असे वाटते.

सफारीत 1.5 लीटरचे टर्बो पेट्रोल इंजिन आले, 170 पीएस आणि 280 एनएमचे, त्याचे स्वागतच आहे. शहरात रोज थोडेच अंतर जाणाऱ्यांना ते शांत आणि सोयीचे पडेल. मात्र सात माणसे भरून घाट चढण्यासाठी मी अजूनही डिझेलच निवडेन, आणि पुढच्या डिझेलमध्ये निदान स्टॉर्मचे ते 400 एनएम परत यावेत अशी माझी मागणी आहे. दुसरी मागणी अशी की फोर बाय फोर दिलेच तर ते फक्त सर्वांत महागड्या व्हेरियंटला बांधून देऊ नये; मला छताची काच नको, मागच्या चाकांना ताकद हवी आहे.

सुरक्षेबद्दल तक्रार नाही. 2023 च्या अखेरीस गाड्यांची धडक-चाचणी घेणाऱ्या भारत एनकॅपने पहिले निकाल दिले तेव्हा हॅरियर आणि सफारी दोन्हींना पाच तारे मिळाले होते, आणि वजन कमी करण्याच्या नादात नव्या रचनेने ते घालवू नयेत. स्टॉर्मच्या मागच्या, एकमेकांकडे तोंड करून बसायच्या बाकांवर मुले पत्ते खेळत असत. आज तसे कोणी बसवू नये हेच बरे.

तूर्त मी बुकिंग केलेले नाही. नवी गाडी शोरूममध्ये आली की आधी आईला तिसऱ्या रांगेत बसवून तिचे गुडघे कुठवर येतात ते पाहीन, आणि मगच विक्रेत्याला बॉनेट उघडायला सांगेन.