लाईट कमजोर नाहीत, धुळीने गुदमरले आहेत

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत नाटकांचा सीझन अर्धा सरला की 'पार' या मंचावरच्या रंगीत एलईडी लाईटबद्दल एक वाक्य हमखास कानी पडते, "यंदाचे पार कमजोर निघाले भाऊ, चायना माल." मला हे पटत नाही. दिवाळीनंतर याच पारने मंच उजळत होता. तेव्हापासून त्याचे झाकण कोणी उघडले का, तेवढे आधी विचारा.

आपला मंडप पडतो धान निघालेल्या बांधीत, नाहीतर शंकरपटाच्या, म्हणजे बैलशर्यतीच्या मैदानालगत. हवेत माती आणि तणसाचा बारीक चुरा. पारचा पंखा रात्रभर तेच आत ओढतो, हीटसिंकच्या, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पात्यांत गोधडीसारखा थर बसतो आणि उष्णता कोंडते. तापल्यावर सगळ्यात आधी लाल एलईडी उतरते, निळी त्या मानाने टिकून राहते. म्हणून तिन्ही रंग मिळवून केलेला पांढरा पहाटेच्या अंकाला हिरवट-निळसर दिसतो. नायिकेचा चेहरा आजारी वाटतो आणि बोलणी खातो मेकअपवाला!

त्यात दव. लेन्सवरच्या धुळीवर दव पडले की चिखलाचा लेप होतो. तो कोरड्या फडक्याने घासला तर मातीचे कण लेन्सवर ओरखडे काढतात, आणि ते पुन्हा निघत नाहीत.

साफसफाईला 8-10 प्रयोगांनंतर एक दुपार लागते. प्लग काढा, लाईट अर्धा तास गार होऊ द्या. आधी नवा, कोरडा, 1 इंची रंगाचा ब्रश. मग हातातला ब्लोअर, हवा आतून बाहेर. पंख्याचे पाते मात्र बोटाने धरून ठेवा. हवेच्या झोताने तो भलत्या वेगाने फिरला तर बेअरिंग जाते. पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर तर नकोच. त्या हवेसोबत टाकीत साचलेले पाणीही येते. लेन्सला कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब आणि जुने मऊ सुती कापड. पेट्रोल-थिनरने काळे डाग झटकन निघतात हे खरे, पण प्लास्टिकच्या लेन्सला त्याने बारीक तडे जातात आणि ती दुधाळ होते.

हॅलोजनची गोष्ट वेगळी. उघड्या हॅलोजन नळीला बोट लावू नका. घामातले मीठ तापलेल्या क्वार्ट्झवर बसते, तिथे काच पांढुरकी होऊन फुगते, फुटते. चुकून हात लागलाच तर गार नळी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या. होल्डरची पिन काळी पडली असेल तर नळीसोबत होल्डरही बदला. सैल जोडणीत ठिणगी पडत राहते आणि जुना होल्डर नवी नळीही खातो.

पार "आपोआप नाचतो" ही तक्रार बहुतेक वेळा मशीनची नसतेच. डीएमएक्ससाठी, म्हणजे लाईटला हुकूम देणाऱ्या सिग्नलसाठी माईकची केबल वापरलेली असते आणि शेवटच्या लाईटला टर्मिनेटर नसतो. टर्मिनेटर म्हणजे 2 आणि 3 नंबरच्या पिनमध्ये 120 ओहमचा रेझिस्टर, काही रुपयांची वस्तू. जनरेटर लावल्यावर मात्र आधी मल्टिमीटर. न्यूट्रल सुटला तर 230 च्या जागी 400 व्होल्टपर्यंत येऊ शकतात आणि मग पॉवर सप्लाय गेलाच. ओल्या लोखंडी पाइपवर अर्थिंग नसेल तर पॉवर सप्लायवरच भागत नाही, माणूस जातो.

माझा राग आहे तो हिशेबावर. 24 पार, प्रत्येकी 15 मिनिटे, म्हणजे 6 तासांचे काम. दोन पोट्टे असले तर 3 तास. गावचे मंडळ "दोन शार्पी (झोताचे फिरते लाईट) वाढवा" म्हणते, पण या 3 तासांची मजुरी ना मंडळ धरते ना नाटक कंपनी. मग लाईटवाल्याने ती कुठून काढावी? भाड्याच्या बोलीतच साफसफाईची ओळ वेगळी लिहा.

सीझन संपला की पेटी बंद करण्याआधी लाईट पूर्ण गार आणि कोरडा हवा. केबल उंदरापासून उंच टांगा. आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा सगळे पार तासभर चालू ठेवा, आतली ओल निघून जाते.