'आधी ते बोलणं काढून टाका'

दुपारपासून डोकं फिरलंय. लिहिल्याशिवाय झोप लागणार नाही, म्हणून बसलेय. लांब होणार आहे, ज्यांना कंटाळा येतो त्यांनी इथूनच पुढे सरका.

आज आपल्या जळगावातल्या एका कॉलेजात 'एचआरमध्ये यशस्वी करिअर' असा कार्यक्रम होता. मुख्य वक्ते पुण्याचे. मला शेवटी दहा मिनिटं 'स्थानिक अनुभव' सांगायला बोलावलेलं, म्हणजे पंगतीत पापड असतो तसं. साहेबांच्या स्लाइडवर गोरी हसरी माणसं, गोल टेबल, काचेवर चिकटवलेल्या रंगीत चिठ्ठ्या. लिंक्डइनवर फोटो कसा टाकावा यावर चांगली वीस मिनिटं. दीड तासात पीएफ हा शब्द नाही, मस्टर (हजेरीपट) नाही, ओटी (ओव्हरटाइम) नाही. कामगार हा शब्दही नाही. 'टॅलेंट' मात्र पन्नास वेळा.

बरं, तेही चाललं असतं. शेवटी चोपड्याकडची एक मुलगी उठली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "सर, आम्ही घरी अहिराणी बोलतो. माझ्या बोलण्यात ते येतं. एचआरमध्ये चालेल का?"

साहेब हसले. म्हणाले, "आधी ते बोलणं काढून टाका. एचआर म्हणजे कंपनीचा चेहरा."

हॉल हसला. पोरगी बसली. मी स्टेजवर होते, हातात माइक होता, आणि मी गप्प राहिले. साहेबांपेक्षा जास्त राग मला याचा येतोय.

कारण मला आठवली 2004 मधली ती बाई.

तेव्हा मी नुकतीच एमआयडीसीत लागले होते. चटईचा कारखाना, नाव सोडा. एमबीए झालेलं, नवी पर्स, नवे सँडल. एके दिवशी पन्नाशीच्या नणंदेला बरोबर घेऊन एक बाई आली, वयानं माझ्याएवढीच. नवरा लूमवर होता, काविळीनं गेला. नोकरी चार वर्षं दहा महिने. मी फाइल उघडली, ग्रॅच्युइटीसाठी, म्हणजे नोकरी संपल्यावर वर्षांच्या हिशोबानं मिळणाऱ्या रकमेसाठी, तारखा मोजल्या आणि छापील मराठीत सांगितलं, "पाच वर्षं पूर्ण नसल्यामुळे ग्रॅच्युइटी देय होत नाही." देय! विधवा बाईला मी 'देय' म्हणाले. ती माझ्याकडे बघत राहिली. नणंद म्हणाली, "माले काहीच समजनं नही." मी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, थोडं मोठ्या आवाजात.

त्या निघाल्या. गेटजवळ टाइम ऑफिसच्या आप्पांनी त्यांना थांबवलं. आप्पा दहावी पास, तीस वर्षं मस्टर लिहिणारा माणूस. "बठ माय, पाणी पे," एवढंच म्हणाले. बाई बसली आणि मग रडली. माझ्यासमोर रडली नव्हती.

थोड्या वेळानं आप्पा माझ्या टेबलाशी आले. ग्रीसचे डाग पडलेलं कायद्याचं पुस्तक उघडून समोर ठेवलं. ग्रॅच्युइटी कायदा 1972, कलम 4. म्हणाले, "मॅडम, मेलेल्या माणसानं पाच वर्षं कशी भरायची? कायदा एवढाही दगड नाही." मृत्यू झाला किंवा कायमचं अपंगत्व आलं तर पाच वर्षांची अट लागत नाही. हे मला परीक्षेत येत होतं हो! दहा मार्कांचा प्रश्न सोडवला होता मी त्यावर.

शेवटचं वेतन 2,600. भागिले 26, गुणिले 15, गुणिले वर्षं. वरचे दहा महिने सहापेक्षा जास्त, म्हणून पूर्ण वर्ष धरायचं. म्हणजे पाच. झाले 7,500 रुपये. आजच्या पोरांना हसू येईल, पण तिच्यासाठी ते जवळजवळ तीन महिन्यांचं घर होतं. शिवाय पीएफचा फॉर्म 20, पेन्शनचा 10-डी, विम्याचा 5-आयएफ, हे सगळं आप्पांनी माझ्याकडून भरून घेतलं. तिच्याकडून नाही, माझ्याकडून. एकेक रकाना.

आता मला सांगा, कंपनीचा चेहरा त्या दिवशी कोण होतं?

आपण सगळे इथलेच आहोत, तुम्हाला वेगळं काय सांगायचं. डाळ मिल घ्या, पाइपचा कारखाना घ्या, चटई घ्या. पाळी सुटली की गेटवर जे बोलणं ऐकू येतं, तेच माझ्या धंद्याचं कच्चं सामान. कामाची पाळी का चुकली, ओटी का कापली, ठेकेदारानं पगारातून काय खाल्लं, कुणाचं कुणाशी वाजलं, हे कोणी इंग्रजीत ईमेल करून सांगत नाही. चहाच्या टपरीवर सांगतात, तेही तुम्ही त्यांच्यातले वाटलात तरच. अर्धा संप तिथेच कळतो आणि तिथेच मिटतो.

हो, इंग्रजी लागतं. नाही म्हणत नाही. ऑडिटवाले येतात तेव्हा मलाही लागतं, आणि शिकले मी, अडखळत शिकले. आणि हो, पुण्यात पगार जास्त आहे, माझा भाचासुद्धा हिंजवडीलाच गेलाय. झालं? मान्य केलं.

पण म्हणून बोलणं काढून टाका? ते काय स्वेटर आहे का, मे महिन्यात काढून टाकायला?

आणि चिडून एक विचारते. या पोरांना कामाचं कोणी का सांगत नाही? 21 नोव्हेंबर 2025 ला चारही कामगार संहिता, म्हणजे कामगारांचे नवे कायदे, लागू झाल्या. जुने 29 कायदे त्यात गेले. पूर्वी 500 कामगार असलेल्या कारखान्याला कल्याण अधिकारी नेमावा लागायचा, आता 250 ला. म्हणजे तुमच्यासाठी जागा आहेत बाबांनो, आणि त्या पुण्याच्या काचेच्या इमारतीत नाहीत, कारखान्यात आहेत! ठरावीक मुदतीवर घेतलेल्याला आता एका वर्षात ग्रॅच्युइटी. मूळ पगार चिमूटभर आणि भत्ते ढीगभर दाखवायचे, तो खेळही अवघड झालाय, कारण भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याच्या वर गेले की वरचा भाग वेतनात धरायचा. हे ज्याला कागदावर मांडता येईल, त्याला मालक शोधत येईल. यावर एक स्लाइड नव्हती. एक!

आजही माझा अर्धा दिवस कशात जातो माहितीये? नावांत. आधारवर 'भाऊराव', पीएफला 'भाउराव', बँकेत 'भाऊ'. त्या एका ऊकारापायी माणसाचे पैसे अडकतात. बसायचं, त्याला समजावायचं, जॉइंट डिक्लरेशन, म्हणजे कामगार आणि कंपनीनं मिळून द्यायचा दुरुस्तीचा अर्ज, करायचं. स्लाइडवर टाकण्यासारखं काम नाही हे. पण ज्याचे पैसे सुटतात, तो आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) घरून सांजोऱ्या घेऊन येतो.

थोडी शांत झाले. चहा घेऊन आले मधे.

साहेबांबद्दल जरा जास्तच लिहिलं का? माणूस वाईट नव्हता. जाताना मला म्हणाले, "तुमचं फील्डचं काम ग्रेट आहे." त्यांच्या ऑफिसात कदाचित तेच खरं असेल, जिथे प्रत्येकाच्या गळ्यात पट्टा आणि हातात लॅपटॉप. त्यांना कधी गेटवरून परत निघालेली बाई बघावी लागली नसेल. मलाही आप्पा नसते तर कळलं नसतं. आप्पा जाऊन आता सहा वर्षं झाली. त्यांना कोणी एचआर म्हटलं नाही कधी, ते टाइमकीपर म्हणूनच रिटायर झाले.

ती बाई चेक घ्यायला आली ना, तेव्हा मी फार गोड बोलत होते. खुर्ची दिली, पंखा वाढवला. तिनं सगळीकडे अंगठे उमटवले, बोटाची शाई पदराला पुसली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "तू तं नही म्हनेल व्हती."

बस. शिवी नाही, काही नाही. चेक घेऊन गेली. बावीस वर्षं झाली, अजून कुणाला 'नियमात बसत नाही' सांगायच्या आधी मी पुस्तक उघडून बघते. आज त्या पोरीच्या वेळेला मात्र हातात माइक असून तोंड उघडलं नाही.

त्या कॉलेजचे कोणी सर, मॅडम माझ्या यादीत असतील तर एक काम करा. चोपड्याकडची मुलगी, तिसऱ्या रांगेत, कडेला बसलेली. तिला माझा निरोप द्या. आमच्याकडे शनिवारी सुटी असते, पण मी टाइम ऑफिसात असते, दहा ते एक. तिला म्हणावं ये. बोलणं आहे तसंच घेऊन ये. सोबत कॅल्क्युलेटर आण फक्त, आमच्याकडच्या कॅल्क्युलेटरचं सातचं बटण दबत नाही.