लाइट आले आणि माझं डोकं फिरलं

काल रात्री दहा वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी आमची अख्खी बिल्डिंग "आले, आले!" म्हणून ओरडली आणि मी एकटी गॅलरीत कपाळाला हात लावून बसले. सकाळपासून मी घरात कोणाशी धड बोललेली नाही. कारण ऐकाल तर हसाल. हसून घ्या, मग वाचा.

सहा महिन्यांपूर्वी मला शॉर्टवेव्ह रेडिओ, म्हणजे दूरदेशीची स्टेशनं थेट हवेतून पकडणारा रेडिओ, ऐकायची हौस आली. आली म्हणजे काय, परत आली. आमच्या तात्यांकडे लाकडी पेटीचा मर्फी होता. बटण फिरवलं की आतले व्हॉल्व्ह तापेपर्यंत अर्धा मिनिट थांबायचं, मग हिरवट उजेडातून हळूहळू आवाज वर यायचा. भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाळीची एरियल ताणलेली. बुधवारी रात्री आठला रेडिओ सिलोन, गीतमाला. त्याआधी पाच मिनिटं तात्या काटा २५ मीटरवर केसाएवढा इकडे, केसाएवढा तिकडे सरकवत बसायचे आणि आम्ही श्वास रोखून. (या सिलोनचं भाग्य उजळलं त्यात आपल्याच एका मराठी माणसाचा हात. बा. वि. केसकर माहिती आणि प्रसारण मंत्री असताना आकाशवाणीवरच्या सिनेमाच्या गाण्यांना कात्री लागली आणि देश उठून सिलोनकडे गेला. मग ३ ऑक्टोबर १९५७ ला विविधभारती काढावी लागली. असो.)

तर म्हटलं, मुलं मोठी झाली, आता जरा आपल्यासाठी काहीतरी करू. जिथे तिथे एकच सल्ला: "सोप्पं आहे हो, एक रेडिओ, थोडी वायर, थोडा धीर." या सोप्पंवाल्यांना माझ्या घरात आठवडाभर राहायला पाठवा.

पहिला रेडिओ बाजारातून आणला. खोक्यावर मोठ्या अक्षरांत "१२ बँड". त्याला ब्लूटूथ, त्याला पेन ड्राइव्हची खाच, त्याला सोलर पट्टी, त्याला टॉर्च. टॉर्च उत्तम होती, खोटं का बोलू. रेडिओ म्हणाल तर नखाएवढ्या जागेत सात-आठ स्टेशनं कोंबलेली, काट्याला श्वास लागला तरी हलणारी. चीनचं एकच स्टेशन डायलवर दोन ठिकाणी लागायचं. मला वाटलं वा, काय ताकद आहे यांची! नंतर कळलं की स्वस्त सेटचा हा जन्मजात रोग. आत येणारं प्रत्येक स्टेशन आधी ज्या मधल्या फ्रिक्वेन्सीवर आणतात ती ४५५ किलोहर्ट्‌झची, म्हणून त्याच्या दुप्पट, म्हणजे ९१० किलोहर्ट्‌झ अंतरावर त्याच स्टेशनचं भूत उभं राहतं. मी दोन आठवडे भुताचा पत्ता वहीत लिहीत होते.

मग वेळेची भानगड. सगळी वेळापत्रकं यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत. १४३० लिहिलं होतं, मी दुपारी अडीचला भांडी तशीच टाकून रेडिओपाशी. चकार शब्द नाही. तीन दिवस. चौथ्या दिवशी ट्यूब पेटली की त्यात साडेपाच तास मिळवायचे, म्हणजे रात्री आठ! बरं, तेवढं शिकून घेतलं तर मार्चच्या शेवटच्या रविवारी अर्ध्याअधिक फ्रिक्वेन्सी बदलल्या. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पुन्हा बदलतात म्हणे. वर डायलवर मीटर आणि यादीत किलोहर्ट्‌झ. ३०० ला मेगाहर्ट्‌झने भागा, मीटर येतात. कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता मी हे भागाकार करते. आणि भरदुपारी ४९ मीटरवर काही का येत नाही, तर उन्हात वातावरणाचा खालचा थर या लाटा गिळून टाकतो. दिवसा १९ आणि १६ मीटरवर जायचं, अंधार पडला की ३१, ४१, ४९ वर उतरायचं. हे कोणी आधी सांगेल? छे. "थोडा धीर" म्हणे.

पण यातल्या कशाचाही मला राग नाही. हे शिकण्यातलं दुःख आहे, ते मी आनंदाने सोसलं. दुसरा रेडिओ घेतला, टेकसन कंपनीचा, तळहाताएवढा, आकडे दाखवणारा, एसएसबी (विमानांसाठीची वगैरे बोलणी नीट ऐकवणारी सोय) असलेला. किंमत नवऱ्याला अजून अर्धीच सांगितलेली आहे. दहा मीटर वायर आणली आणि गच्चीवर पाण्याच्या टाकीपासून कठड्यापर्यंत बांधली. दुसऱ्या दिवशी सकाळी वर गेले तर माझ्या एरियलवर गोधडी. ओली. शेजारी दोन परकर. गोधडीच्या वजनाने वायर ताणून मधोमध लोंबलेली. मी खाली येऊन विचारलं तर पहिल्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "अगं, मला वाटलं कमिटीने सोय केली." आणि आठवड्याभरात कमिटीने खरंच सोय केली, वायर गुंडाळून माझ्या दाराच्या कडीला अडकवली आणि वर चिठ्ठी: गच्चीवर विनापरवानगी तार बांधू नये. त्याच गच्चीवर डिशच्या अकरा छत्र्या आहेत. त्यातल्या सात गंजलेल्या, मालक कधीच घर सोडून गेलेले. त्या चालतात.

ठीक. गॅलरीच्या ग्रिलला तीन मीटर वायर लावली, म्हटलं यावर भागवू. आणि मग सुरू झाली ती खरी डोकेदुखी. घर्रर्रर्र. ३१ मीटरवर घर्रर्र, ४१ वर घर्रर्र, ४९ वर तर कोणीतरी पत्र्यावर वाळू ओततंय. स्टेशनं नाहीत म्हणून नव्हे हो! स्टेशनं आहेत. त्या घरघरीच्या तळाशी कोणीतरी बोलतंय, गातंय, बातम्या देतंय, हे कळतं. भिंतीपलीकडचं भांडण ऐकू यावं पण शब्द कळू नयेत, तसं.

एका रविवारी मी घराचा मेन स्विच पाडला. रेडिओ बॅटरीवर. (चार्जर लावून ऐकायचा प्रयत्न करू नका, तो चार्जरच सगळ्यात मोठा गुंड निघतो.) मेन पाडला आणि घरघर निम्म्याने खाली! अंगावर काटा आला माझ्या. मग एकेक बटण वर करत गेले. बेडरूमचा एलईडी बल्ब: घर्र. रिमोटवाला नवा पंखा: ट्ट्ट्ट्ट्ट. वायफायचा डबा: चीं. पंख्याचा जुना रेग्युलेटर: करकर. मुलाच्या लॅपटॉपचा चार्जर लावला तेव्हा तर ३१ मीटरचा पट्टाच्या पट्टा पुसून गेला. या सगळ्यांच्या पोटात एकच धंदा चालतो. घरातल्या विजेचे सेकंदाला हजारो वेळा तुकडे पाडायचे आणि हवा तो व्होल्टेज काढायचा. तुकडे पाडताना जो कचरा उडतो तो वायरिंगमधून घरभर पसरतो आणि थेट शॉर्टवेव्हच्या पट्ट्यात येऊन पडतो. तो अडवायला आत फिल्टर असतो. असायला हवा. चार पैसे वाचवायला तो गाळतात, बल्ब उजेड देतो, ग्राहक खूश. मी सोडून.

पण एवढं सगळं बंद केलं तरी एक किरकिर उरलीच. ती शोधायला मी रेडिओ हातात घेऊन घरभर फिरले, भिंतींना लावून लावून, डॉक्टर छाती तपासतो तशी. किरकिर वाढत वाढत गेली ती देवघरापाशी. देवांच्या मागे लावलेली रंगीबेरंगी दिव्यांची माळ. गेल्या दिवाळीत स्टेशनबाहेरच्या फुटपाथवरून आणलेली, तेव्हापासून चोवीस तास चालू.

"आई, ही माळ रात्री तासभर बंद ठेवू का?"

सासूबाई म्हणाल्या, "देवासमोरचा दिवा बंद करायचा? तुझ्या त्या खरखरीसाठी?"

"अहो आई, ही माळ आहे, समई नाही. समई लावा ना, मी स्वतः वात वळून देते."

दोन दिवस अबोला. माळ चालू. तिकडे २०२४ च्या ऑक्टोबरात शास्त्रज्ञांनी सांगितलं की सूर्य त्याच्या ११ वर्षांच्या चक्राच्या माथ्यावर आहे, म्हणजे दिवसाच्या त्या १९, १६ मीटरला सुगीचे दिवस. सूर्य माझ्या बाजूने आहे आणि मला आडवी येतेय फुटपाथवरची माळ.

आणि घरातलं जिंकलं तरी काय? जिन्यात बारा दिवे लावलेत नवे, स्वस्तातले. लिफ्टला नवी मशीन बसवली, ती हलली की ४१ मीटरवर घूंऽऽऽ असा चढता आवाज येतो. मी आता आवाजावरून सांगते की लिफ्ट तिसऱ्याला थांबणार की पाचव्याला. हे कौशल्य मला नको होतं! समोरच्या बिल्डिंगीच्या गच्चीवर सोलर बसलंय, त्याचा इन्व्हर्टर सूर्य उगवला की उठतो. तक्रार कोणाकडे करू? कोणाला घरात धूर आला तर सगळे धावतील. हा धूर दिसत नाही, वास येत नाही. "मला हवेत आवाज येतो" असं अर्जात लिहिलं तर मला डॉक्टरकडे नेतील.

कधी कधी मला उषाबेन मेहता आठवतात. १९४२ च्या चळवळीतली त्यांची गुप्त काँग्रेस रेडिओ, याच मुंबईतून, ४२.३४ मीटरवर. म्हणजे शॉर्टवेव्हच की! ऑगस्टच्या अखेरीपासून नोव्हेंबरात पकडले जाईपर्यंत, जागा बदलत बदलत, मागावर पोलीस. आज ते करायला गेले असते तर पोलिसांना मेहनतच नको. गिरगावातल्या प्रत्येक बिऱ्हाडाला चार-चार फुकट बल्ब वाटले असते की काम फत्ते.

आणि ते "अ‍ॅपवर ऐक ना" म्हणणारे. प्रत्येक लग्नात, प्रत्येक वाढदिवसाला एक तरी भेटतो. फोन काढून मला दाखवतो, "हे बघ, जगातली सगळी स्टेशनं, क्लिअर." अरे बाबा, मला माहीत आहे! तुझ्या घरी नळाला पाणी येतं म्हणून तू धबधबा बघायला जात नाहीस का? दुसरा प्रकार "शॉर्टवेव्ह मेली ना?" वाल्यांचा. ऑस्ट्रेलियाने ३१ जानेवारी २०१७ ला बंद केली, बीबीसी हिंदीने ३१ जानेवारी २०२० ला, हे मला माहीत आहे आणि मी तेव्हा हळहळलेही. पण संध्याकाळी डायल फिरवून बघा, चीन दर दोन बोटांवर बसलेला आहे, बीबीसीचं इंग्रजी आहे, मधे मधे अशा भाषा लागतात की ती भाषा आहे की गाणं इथपासून शंका. मेलेली नाही. आपण तोंडावर उशी दाबून धरली आहे.

तर काल. पावणेदहाला कोपऱ्यावरचा डीपी उडाला. धाड्‌दिशी. अख्खा रस्ता काळोखात. बिल्डिंगभर "अरे देवा", "गेले का तुमच्याकडे पण?", मोबाइलच्या टॉर्चा, उकाड्याच्या शिव्या. मी उठले, रेडिओ घेतला, गॅलरीत गेले, दार ओढून घेतलं.

काय सांगू तुम्हाला. १०००० किलोहर्ट्‌झवर टिक, टिक, टिक. चीनचं घड्याळ, वेळ दाखवणारं स्टेशन, प्रत्येक सेकंदाचा ठोका सुईने टोचल्यासारखा स्वच्छ. दहा पंचवीसला ६६७६ वर एसएसबी लावून मुंबई विमानतळाचं हवामान ऐकलं, वारा, ढग, दृश्यमानता, पाठांतर म्हणावं तसं. तीसेक मैलांवरची सांताक्रूझची हवा, आणि सहा महिन्यांत मला ती पहिल्यांदा ऐकू येत होती! मग ३१ मीटरवर सरकत सरकत गेले आणि एक बाई लागली. अशी भाषा मी आधी कधी ऐकलेली नाही. मागे तारेचं कुठलंसं वाद्य. आवाज समुद्रासारखा जवळ यायचा, लांब जायचा. मी वहीत फ्रिक्वेन्सी लिहिली, दहा सत्तेचाळीस ही वेळ लिहिली आणि नावाची जागा मोकळी ठेवली. कारण अकराच्या ठोक्याला बहुतेक स्टेशनं स्वतःचं नाव सांगतात. तेरा मिनिटं. तेरा मिनिटं मी डास चावून घेत, हात न हलवता बसले. दहा छप्पन्नला वाद्य थांबलं. दहा सत्तावन्नला बाई परत आली, जरा ठासून बोलायला लागली, म्हणजे आता निरोप घेणार आणि नाव सांगणार.

"आले, आले!"

घर्रर्रर्रर्र.

आतून देवघरातली माळ लाल-निळी उघडझाप करत होती. नावाची जागा वहीत अजून मोकळी आहे.

आज सकाळी कमिटीचे दोघे दारात आले. वारंवार वीज जाते म्हणून सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज द्यायचाय म्हणे, तिसऱ्या मजल्यावर तेवढी आमचीच सही राहिली होती. मी हात ओले असल्याचं सांगितलं. ते म्हणाले, वहिनी, संध्याकाळी येतो. मी म्हटलं, संध्याकाळीपण ओलेच असतील.