सॅफचा कप आणि पाच वाजताचं ग्राऊंड

काल फोंड्यात गाड्यावर रस-ऑम्लेट खाता खाता संज्याने विषय काढला, म्हणे सॅफ वुमेन्स, म्हणजे दक्षिण आशियातल्या देशांचा बायकांचा फुटबॉल कप, हा आपल्याच घरचा, मधे दोनदा बांगलादेशकडे गेला तो निव्वळ अपघात. 2010 ला कॉक्स बाजारपासून 2019 ला बिराटनगरपर्यंत पाचही वेळा आपणच, तेही एकही मॅच न हरता.

हे खरंच आहे म्हणा. पण प्रज्ञा शाळेत पीटी घेते, ती कसली ऐकून घेतेय. "अपघात एकदा होतो रे! 2022 ला काठमांडूत ग्रुपमध्ये बांगलादेशकडून 3-0 खाल्ले, 2024 ला परत तिथेच 3-1, आणि दोन्ही वेळा सेमीत नेपाळने घरी पाठवलं."

मग संज्या 2024 च्या सेमीवर घसरला. आपण गोल मारून नाचत होतो तेवढ्यात नेपाळने पटकन बॉल टाकून गोल केला, रेफरीने तो दिला नाही, मग तासभर मॅच बंद, आपला रिदम गेला आणि पेनल्टीवर हरलो. विठू म्हणाला, अरे पण भांडत नेपाळच्याच पोरी उभ्या होत्या, रिदम त्यांचा नाय गेला? यावर संज्याने फक्त पाव मोडला.

प्रज्ञाचा मुद्दा मला पटला. बांगलादेशात मैमनसिंगकडचं कलसिंदूर, आडगाव, तिथल्या सरकारी प्रायमरी शाळेच्या पोरी शाळांची टूर्नामेंट मारत मारत थेट नॅशनल टीममध्ये गेल्या, मारिया मांडा, संजिदा अख्तर तिथल्याच. 2024 च्या फायनलचा विनिंग गोल मारणारी रितुपर्णा चकमा रांगामाटीच्या डोंगरातली. म्हणजे पोरी दहा-अकराच्या असतानाच ग्राऊंडवर असतात.

"मग आपल्याकडे काय ग्राऊंड नायत?" संज्या. "2022 ला मुलींच्या अंडर-17 वर्ल्ड कपच्या दोन्ही सेमी मडगावच्या फातोर्डा स्टेडियमलाच झाल्या ना!"

"फातोर्ड्याचं काय सांगतोस, वाड्यावरच्या ग्राऊंडचं बोल." तिच्या पोरी चारला रणरणत्या उन्हात येतात, पाचला मुलगे प्रॅक्टिसची बिब्स (बनियनं) घालून लाईनवर उभे, बॉल आत मारून देतात मुद्दाम, की पोरी बॅगा उचलतात. पावसात तर चारचं पण नाय.

"कोण मुलगे ते?" विठू.

प्रज्ञा संज्याकडे बघायला लागली. आठवड्यातून दोन संध्याकाळी तरी सोडा म्हणाली. संज्या म्हणतो विचारून सांगतो. आता विचारणार कोणाला, टीमचा कॅप्टन हाच!