६० ते १२० अंश

पाय मोडला की माणसाला मान मिळतो. प्लास्टर चढतं, त्यावर लोक सह्या करतात, कुणीतरी उठून खुर्ची देतं. खांदेदुखीला यातलं काही नाही. हात खाली सोडून उभी असले की मी ठणठणीत दिसते, आणि तेवढ्यापुरती असतेही.

रोटेटर कफचं, म्हणजे खांद्याचा सांधा धरून ठेवणाऱ्या स्नायूंचं, दुखणं मोठं हिशेबी. हात बाजूने वर न्यायला लागलं की साधारण ६० अंशांपर्यंत ते चूप. १२० ओलांडले की बहुतेकदा परत चूप. मधल्या पट्ट्यात मात्र ब्रह्मांड आठवतं. डॉक्टर याला पेनफुल आर्क म्हणतात. १८० पैकी ६०च तर अंश, टाळू, असं मला वाटलं होतं. पण सुतार, शिंपी आणि मोटार बनवणारे यांनी संगनमताने सगळा संसार त्याच पट्ट्यात मांडलाय. कपाटाचा मधला खण तिथे, शर्टाची दुसरी बाही तिथे, सीटबेल्ट तिथे. लांबून कुणी हात केला तर मी कोपर अंगाशी धरून नुसता पंजा हलवते. राणीसाहेबांना गर्व झालाय, अशी बोलवा आहे.

वरच्या फळीवरचं काही काढायचं तर डाव्या हाताने उजवा हात उचलून तिथवर पोचवते. डॉक्टरांना हे ऐकून आनंद झाला. खांदा गोठला असता तर दुसऱ्याने उचलूनही वर गेला नसता म्हणे. रात्री उजव्या कुशीवर वळलं की जाग येते, याचाही त्यांना आनंदच झाला; लक्षणं जुळत होती.

खांद्याची खोबण उथळ. त्यात दंडाच्या हाडाचा गोळा जागेवर धरून ठेवायला चार छोटे स्नायू. त्यातल्या सुप्रास्पायनेटसचा टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, हाडाच्या छपराखालच्या अरुंद बोळातून जातो. माझा तिथेच थोडा फाटलाय, असं एमआरआय म्हणतो. ‘काहीही न दुखणाऱ्यांच्या एमआरआयमध्येही असं दिसतं,’ डॉक्टर म्हणाले, विशेषतः साठीनंतर. बाहेर बाकावर एक आजोबा दोन्ही हात फैलावून पेपर वाचत होते. मी त्यांच्या खांद्याकडे संशयाने पाहिलं.

सल्ल्यांचे दोन पक्ष. एक म्हणतो, हात गळ्यात बांध आणि हलवू नकोस. दुसरा म्हणतो, बारला लटक. फिजिओने दोघांनाही गप्प केलं: अजिबात हलवला नाही तर आखडेल, आणि लटकायचं नाव काढू नका. मग माझ्या हातात सगळ्यात हलका रबरी बँड दिला. बगलेत टॉवेलची गुंडाळी, कोपर अंगाशी, हात हळूच बाहेर. बॅडमिंटनमध्ये स्मॅश मारणाऱ्या बाईला हे! पण स्मॅशनंतर सुटलेल्या हाताला ब्रेक लावायचं काम खांद्यामागचे स्नायू करतात, आणि ते आरशात दिसत नसल्याने व्यायामशाळेत त्यांना कुणी विचारत नाही. टॉवेल अजून सारखा पडतो. फिजिओ दिवसांत बोलत नाही, महिन्यांत बोलते.

तोवर मंडळींनी मला बॅडमिंटन कोर्टावर लाइनजज केलंय. शटल आत पडलं की उजव्या हाताने रेषेकडे दाखवायचं. हे जमतं. बाहेर पडलं तर दोन्ही हात आडवे पसरायचे, म्हणजे बरोबर ९० अंश. सध्या आमच्याकडे बरीच शटलं आत पडताहेत.