'श्रीमती' म्हणजे नवरा गेला, हे कुणी ठरवलं?

लग्नसराई आली की तो निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायला लागतो. पत्रिकेच्या पाकिटावर बायकांची नावं घालताना काय पाळायचं, याची त्यात यादी असते. नवरा हयात असेल तर 'सौ.', नसेल तर 'श्रीमती', आणि त्याहून शुद्ध हवं असेल तर 'गं. भा.'. लग्न झालेलं नसेल तर वय कितीही असो, 'कु.'च. बाई डॉक्टर असली तरी 'सौ.' आधी, 'डॉ.' नंतर. चुकलात तर शुभकार्यात अपशकुन. खाली हात जोडलेले आणि 'आपली संस्कृती जपा'. आमच्या घरातल्या लग्नांची पाकिटं बहुतेक वेळा माझ्याकडेच येतात, अक्षर बरं आहे म्हणून, त्यामुळे हा निरोप दरवर्षी मला अगत्याने पाठवला जातो. यंदा उत्तर देतोच.

पहिली गोष्ट 'श्रीमती'ची. 2007 ते 2012 या काळात आपल्या राष्ट्रपती होत्या श्रीमती प्रतिभा देवीसिंह पाटील. सरकारी कागदावर हेच नाव. त्यांचे यजमान देवीसिंह शेखावत तेव्हा हयात होते, ते गेले 2023 मध्ये. इंदूर-ग्वाल्हेरकडच्या नातेवाइकांच्या हिंदी पत्रिका येतात त्यांवर 'श्री एवं श्रीमती' असतं आणि ते वाचून कुणी दचकत नाही. मंत्रालयातून निघणारे बदल्यांचे आदेश पाहा, महिला अधिकाऱ्यांना सरसकट 'श्रीमती'. म्हणजे 'श्रीमती'चा वैधव्याशी संबंध नियमाने नाही, आपल्याकडच्या सवयीने जोडलेला आहे.

पण सवय घट्ट आहे, हेही खरं. यजमान समोर चहा पीत बसलेले असताना पाकिटावर 'श्रीमती' वाचणारी मावशी फोन करून झापणारच, आणि तिला प्रतिभाताईंचा दाखला देऊन काही उपयोग नाही. ज्या बाईला 'सौ.' हवं आहे तिला ते जरूर घालावं. माझा आक्षेप तिच्या आवडीला नाही, ते नियम म्हणून सगळ्यांच्या गळ्यात बांधण्याला आहे. घरातल्यांसाठी तर सोपी वाट आहे: 'ती. आत्यास', 'मंगलमावशी आणि काका', 'वहिनींना सप्रेम'. नात्याच्या हाकेला बिरुद लागतच नाही.

'गं. भा.' हा आदर आहे, असं निरोप म्हणतो. एप्रिल 2023 मध्ये तेव्हाचे महिला व बालविकास मंत्री मंगलप्रभात लोढा यांनीही विधवांच्या नावाआधी 'गंगा भागीरथी' लावण्याचा प्रस्ताव चर्चेला आणला होता. टीकेची झोड उठली आणि अजून काही निर्णय झालेला नाही, असा खुलासा त्यांना करावा लागला. त्याच्या आदल्याच वर्षी, मे 2022 मध्ये, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं बंद करण्याचा ठराव केला होता आणि राज्य सरकारने बाकीच्या ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरवायला सांगितलं होतं. आता कुंकू पुसायचं नाही म्हणायचं आणि पोस्टमनला कळेल अशा बेताने पाकिटावर मात्र लिहायचं, हे कसं काय? शिवाय बायको गेलेल्या पुरुषाला काय लिहायचं, यावर निरोप गप्प. ते 'श्री.' होते, 'श्री.'च राहतात. बोहल्यावर चढण्याआधी, चढल्यावर, कोर्टातून सुटून आल्यावर, सगळीकडे 'श्री.'.

खरा घोळ पाकिटाच्या आत आहे आणि त्याबद्दल निरोपात अवाक्षर नाही. वडील नसलेल्या मुलीची पत्रिका कशी छापतात पाहा. 'चि. सौ. कां. अमुक', खाली 'कै. तमुक यांची कन्या', आणि निमंत्रक म्हणून सौ. व श्री. काका. गेलेला बाप पत्रिकेवर आहे, लग्नात दोन तासही न फिरकणारे काका आहेत, आणि जिने कर्ज काढून हॉल बुक केला, दागिने मोडले, ती आई कुठेच नाही. का, तर छापखान्याच्या नमुन्यात 'सौ. व श्री.' अशी जोडीचीच जागा असते आणि एकटी बाई तिथे बसत नाही. नमुना बदलायला छापखानेवाला जास्तीचे पैसे मागत नाही. 'श्रीमती अमुक यांची कन्या' आणि खाली निमंत्रक म्हणून तिचंच नाव, एवढंच सांगायचं असतं. नाही तरी 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर आईचं नाव लावणं राज्याने सक्तीचं केलंच आहे. लग्नपत्रिकेला तेवढं जमू नये?

अपशकुनाचं म्हणाल तर तो नेमका या नियमातूनच घडतो. थोरल्याच्या लग्नातली एक्सेलची यादी धाकटीच्या लग्नात तशीच वापरतात. मध्ये चार वर्षं गेलेली असतात, त्यात करोना. यादीत 'सौ.' तसंच राहतं आणि पाकीट अशा घरी पोचतं जिथे भिंतीवरच्या फोटोला हार आहे. कोपऱ्यांना हळदकुंकू लावलेलं ते पाकीट हातात घेऊन बाई काय करत असेल, याचा विचार यादी करणाऱ्याने करावा. नुसतं नाव आणि आडनाव लिहिलं असतं तर काही बिघडलं नसतं.

'कु.'बद्दल फार बोलायला नको. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, निम्म्या गावाला पाढे शिकवलेल्या बाईंना 'कु.' लिहिताना हात अडखळतो, तेवढं पुरे. घटस्फोट झालेल्यांना तर निरोपात रकानाच नाही.

राहिलं 'सौ. डॉ.'. रमाबाईंना 1878 मध्ये कलकत्त्यात 'पंडिता' म्हटलं गेलं तेव्हा त्यांचं लग्न झालेलं नव्हतं. 1880 मध्ये लग्न झालं, 1882 मध्ये पती गेले, आणि या सगळ्यात त्या पंडिताच राहिल्या, कारण ती पदवी त्यांच्या विद्वत्तेची होती. एमबीबीएसचंही तसंच आहे. नवरा-बायको दोघंही डॉक्टर असले तर 'डॉ. व सौ.' लिहू नका, 'डॉ. व डॉ.' लिहा. विचित्र दिसतं म्हणाल तर दोघांची पूर्ण नावं घाला, पाकिटावर जागा भरपूर असते.