टूथपेस्टने घासलेली अर्धी पेनी

‘इंग्लंडची जुनी चांदीची नाणी: खरी-खोटी ओळखा’ असा एक फॉरवर्ड फिरतोय. मावशीने तो घरच्या ग्रुपवर टाकला तेव्हा मी वाचून सोडून दिला. मग ती लेस्टरला लेकाकडे गेली आणि त्याच्या कपाटातली, इंग्लंडच्या राजा जॉनच्या काळातली चांदीची अर्धी पेनी तिने टूथपेस्ट लावून लख्ख केली. निरांजन घासावं तशी. म्हणे, “भाव दुप्पट होतो, लिहिलंय त्यात.”

तर आधी तेच. अख्खी पेनी जेमतेम दीड ग्रॅमची, पत्र्यासारखी पातळ. राजाचा चेहरा म्हणजे चार रेघा आणि दाढीचे टिपके. टूथपेस्टमधली पूड काळपटपणासोबत तेही खरवडते. मावशीला जो मळ वाटला तो चांदीवर सावकाश चढलेला थर होता, जाणकार गिऱ्हाईक तोच बघतं. आता भिंगाखाली टिपके पुसट आणि ब्रशचे ओरखडे ठळक. दुप्पट कसला, होता तो भावही गेला.

फॉरवर्ड पुढे म्हणतो, ‘अर्धं नाणं म्हणजे खोटं.’ अहो, पहिल्या एडवर्डने 1279 पासून गोल अर्ध्या-पाव पेन्या सर्रास पाडल्या. त्याआधी सुट्टे हवे की पेनीच कापायचे, मागच्या क्रूसाच्या रेघेवरून. मावसभावाच्या तुकड्याची सरळ कड त्याच रेघेवरून गेलीय.

‘हेन्रीकस लिहिलंय, मग जॉनचं कसं?’ हेन्रीकस म्हणजे लॅटिनमध्ये हेन्री. दुसऱ्या हेन्रीने 1180 मध्ये आणलेला ठसा 1247 पर्यंत चालला. मधल्या रिचर्ड आणि जॉनने नाव बदललंच नाही. संपलं.

आणि हे तर कहर: ‘हातोडा घेऊन कोणीही घरी नाणी पाडायचं, धाक नव्हता, म्हणून ती वेडीवाकडी.’ खालचा ठसा ठोकळ्यात रोवलेला, वरचा हातात, मधे चकती, वरून घाव. वेडंवाकडं होणारच. पण मागच्या बाजूला पाडणाऱ्याचं नाव आणि गाव असायचं, ते कशाला? पीटरबरोच्या मठातली अँग्लो-सॅक्सन बखर, म्हणजे इंग्लंडचा जुना सालवार इतिहास, वाचा. 1124 साली पेनी इतकी हिणकस झाली, की पाऊंडभर, म्हणजे 240 पेन्या घेऊन बाजारात गेलं तरी बारा पेन्यांचा माल मिळेना. पहिल्या हेन्रीने नॉर्मंडीतून हुकूम पाठवला. नाताळाला नाणी पाडणाऱ्यांना विंचेस्टरला बोलावलं आणि एकेकाचा उजवा हात तोडला. शिवाय वृषणंही कापली. म्हणे धाक नव्हता!

‘राजे तांबं मिसळायचे’, हे मात्र अर्धवट खरं, नाइलाजाने मान्य. स्टर्लिंग चांदीत, म्हणजे नाण्यांच्या ठरलेल्या चांदीत, हजारी 75 भाग इतर धातू असायचाच, बहुतेक तांबं. पण खरी लबाडी आठव्या हेन्रीची, 1544 नंतरची. नाणं झिजलं की त्यावरच्या राजाच्या नाकावर तांबं दिसायचं.

‘शेतात सापडलं तर गुपचूप ठेवा’ हा सल्ला तर तुरुंगाकडे नेणारा. तिथल्या 1996 च्या कायद्याने तीनशे वर्षांहून जुनी, एकत्र सापडलेली दोन चांदीची नाणीसुद्धा 14 दिवसांत कॉरोनर या सरकारी चौकशी अधिकाऱ्याला कळवावी लागतात.

भाऊ मावशीला काही बोलला नाही. कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली हरवली म्हणून सांगितलं.